रंगुबाईंच्या विहिरीवरील आकडा हुकुमाने उतरवण्याबाबत

प्रति,
मे. खास अधिकारीसाहेब, विहीर-खुदाई,
कॅम्प देवळाली प्रवरा, जिल्हा अहमदनगर.

विषय : यारीचा सदोष आकडा उद्या सकाळी आठच्या आत उतरवण्याचा हुकूम मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे दि. ६ व दि. १३ मेचे अर्ज, दोन्ही परत आलेले.

महोदय,

१. अर्जदार विज्ञानाचा पदवीधर असून जानेवारीपासून आबासाहेबांच्या लोहारकाम कारखान्यात मालतपासणीस आहे. लिलावात आलेल्या लष्करी लॉऱ्यांच्या आसाचे पोलाद तेथे तापवून, ठोकून, वाकवून यारीचे, म्हणजे दगड वर ओढणाऱ्या उचल-यंत्राचे, आकडे करतात. विहिरीतून वर येणाऱ्या दगडाचा सारा भार या एका आकड्यावर असतो.

२. वाकवलेला आकडा पुन्हा लाल करून तेलात बुडवला की पोलाद कणखर होते. किती लाल, हे कानिफनाथ मिस्त्री नजरेने ठरवतो : पिकल्या बोराचा रंग आला की बाहेर. युद्धात ब्लॅकआउटसाठी कारखान्याच्या खिडक्यांना डांबर फासले होते, व त्याच वर्षी तो कामावर लागला. चार वर्षे त्याची नजर त्या अंधारात तयार झाली. तोवर त्याचा एकही आकडा कधी परत आला नव्हता.

३. कामगारांच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून ११ मार्च रोजी ते डांबर अर्जदारानेच खरवडायला लावले. त्याबद्दल सर्वांनी त्याचे आभार मानले. परंतु उजेडात तापले लोखंड आहे त्याहून निवलेले दिसते. अर्जदाराने हे नंतर पडताळून पाहिले. खिडक्या झाकून कानिफनाथाने बोराच्या रंगावर काढलेल्या आकड्यावर मीठ टाकले तर वितळले, धुण्याचा सोडा, जो मिठाहून जास्त उष्णतेला वितळतो, तसाच राहिला. खिडक्या उघड्या ठेवून त्याच रंगावर काढलेल्या आकड्यावर सोडाही पाण्यासारखा वाहिला. म्हणजे आकडे प्रमाणाबाहेर तापत होते, व त्याने पोलाद ठिसूळ होते. कानिफनाथ त्या ओघळाकडे बघून म्हणाला, "डोळा तोच हाय रावसाहेब. उजेड तुमी बदलला."

४. असे एकूण एकेचाळीस आकडे बाहेर पडले. दोष प्रथम २८ एप्रिल रोजी भर दुपारी कळला. फळीवर ठेवलेला आकडा, कोणी हात लावला नसताना, टक् असा आवाज करून दुभंगला. आठवड्यात आणखी तीन तसेच गेले. चांगल्या पोलादाचा मोड, म्हणजे तुटलेला भाग, राखेसारखा मऊ करडा दिसतो. यांचा साखरेच्या दाण्यासारखा चकाकत होता.

५. अर्जदार सायकलवरून बेलापूरपर्यंत फिरला व बदली माल देऊन छत्तीस आकडे परत आणले. त्यांतले एकोणतीस हातोड्याच्या पहिल्या घावात मोडले. उरलेले सात का मोडले नाहीत, हे अर्जदारास सांगता येत नाही, आणि तेच जास्त भीतीचे आहे. बाहेरून सगळे सारखेच दिसत होते.

६. उरला एक. तो रंगुबाईंच्या विहिरीवर आहे. नारळ फोडून चढवलेला आकडा पाणी लागेपर्यंत उतरवायचा नाही, अशी तेथील माणसांची रीत आहे. उतरवला तर झरा मागे फिरतो म्हणतात. अर्जदाराने बदली आकडा पुढे धरला तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, पानी दोन हातांवर आलंय आन् तुमी अपशकून घेऊन आलाय व्हय? मोडलाय का आकडा? न्हाई ना? मंग मोडला की या." काठावरची माणसे हसली. मात्र अर्जदार निघताना त्या हळूच म्हणाल्या, की सरकारचा कागद असला तर उतरवू, म्हणजे दोष सरकारला लागंल, आमाला न्हाई.

७. तो कागद मागण्यास अर्जदार दोनदा कचेरीत आला. कारकुनांनी सांगितले, की मोडलेल्या आकड्याचा अर्ज घेता येतो, न मोडलेल्याचा नमुना नाही. अपघाताची तारीख आणि जखमींची नावे असल्याशिवाय आवक क्रमांक पडत नाही. अर्जदाराने विहिरीच्या तळाशी काम करणाऱ्यांची सहा नावे दिली. ती जखमींची आहेत काय, असे विचारले गेले. अद्याप नाहीत, असे सांगितल्यावर अर्ज परत मिळाला.

८. आजपर्यंत त्या आकड्याने लहान दगड उचलले. तळाचा मोठा धोंडा आता सुटा झाला असून उद्या आठ वाजता त्याला साखळी घालणार आहेत. काल अर्जदाराने आकड्याला कान लावून नखाने टिचकी मारली. आवाज स्वच्छ आला. फुटलेल्या चारांचाही आदल्या दिवशी मालतपासणीत स्वच्छच आला होता.

९. सबब विनंती, की आकडा उतरवण्याबाबत दोन ओळींचा हुकूम आजच द्यावा. झऱ्याचे काही झाल्यास दोष सरकारचा, एवढे त्यात स्पष्ट लिहावे. त्यावाचून तो उपयोगी पडणार नाही. हुकूम न आल्यास धोंडा वर जाताना माणसांना भिंतीला सरकवायला तळाशी कोणीतरी हवे. ते काम अर्जदाराने मागून घेतले आहे. सबब उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर न पाठवता विहिरीवर पाठवावे. उद्या तळाशी सहा नव्हे, सात माणसे असतील.

हुकुमाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र अर्जदार,
हेमचंद्र दत्तोपंत पाथरकर, बी. एस्सी.
दि. १७ मे १९४६

सोबत :
१) दुभंगलेला आकडा, दोन तुकडे.
२) परत आणलेल्या छत्तीस आकड्यांची यादी.
३) सहा माणसांची नावे. सातवे शाईने खाली लिहिले आहे.