लाल ठिपका

४ मार्च
आले एकदाची! वाकडे दात सरळ करणाऱ्या या दवाखान्यात आज रुजू झाले. खोली लख्ख, खिडकीशी प्रकाशपेटी. तिच्यावर एक्स-रे फिल्म लावली की सबंध जबडा उजळून निघतो. यंत्रातलं बाजू दाखवणारं अक्षर तुटलंय, म्हणून प्रत्येक फिल्मवर पेशंटच्या उजव्या बाजूला लाल ठिपका लावायचा. ते काम नव्या माणसाचं. मोठे डॉक्टर म्हणाले, ठिपका चुकला की सगळंच चुकलं. मी काय कालची पोर आहे?

७ मार्च
इथली एक डॉक्टर माझ्याच वयाची. सगळे तिला घार म्हणतात. फिल्मवर नजर टाकते आणि मुळं, हाड, लपलेला सुळा, घडाघडा सांगते. मलाही तेच दिसतं. पण मी तोंड उघडेपर्यंत तिचं सांगून झालेलं असतं. साफसफाई करणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, आमच्या घारीला फिल्म उलटी द्या, ती सुलटीच वाचेल.
आमच्या! मी कोण मग, वाटसरू?

१२ मार्च
मी विचारते, डोळे काय देवाने तिलाच दिले? पुस्तकं मी वाचली नाहीत? कॉलेजात मी बोलायला उभी राहिले की सभागृह चिडीचूप व्हायचं. इथे मी निदान सांगितलं की मावशीसुद्धा म्हणतात, थांबा हो डॉक्टरबाई, घारीला विचारू.

१८ मार्च
बारा वर्षांची मुलगी आली. उजवा सुळा हिरडीतच आडवा झालाय आणि त्याने शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ कुरतडलंय. तो दात काढावा लागणार. डावीकडचा धडधाकट. बाहेरून दोन्ही सारखेच शुभ्र.
मी ठिपका दुसऱ्या बाजूला लावला. नुसती परीक्षा. उलटी सुलटी वाचते ना? वाच.

१९ मार्च
तिने वाचली. अचूक, सुंदर, आणि उलटी. चिठ्ठीत लिहिलं, डावा काढा. दात काढायला दोन तास अवकाश होता. एक वाक्य पुरलं असतं. तास तास बोलणारी मी गप्प बसले.
दात निघाला. अख्खा, लांबलचक मुळासकट. मुलीने तोंडात बोळा धरून विचारलं, हाच होता ना?
मी गुपचूप ठिपका पुन्हा योग्य बाजूला लावला; घारीला तिथल्या तिथे घरी पाठवलं. जाताना ती माझ्यापाशी थांबली. फिल्म पाहते तशी माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, तुमचा वरचा सुळा दाखवून घ्या.

२३ मार्च
तिची खुर्ची आता माझी. तरी मावशी म्हणतात, घारीचा हातच वेगळा.
डोळ्याखाली ठणका. माझी फिल्म काढली. बत्तीस दात, आणि एक तेहतिसावा. नाकाशेजारी आडवा सुळा. या वयात नवा दात येत नाही! येतच नाही!

२५ मार्च
सरकलाय. पटाशीच्या दाताचं मूळ अर्धं गेलं. मोठ्या डॉक्टरांना फिल्म दाखवली. म्हणाले, मला तर काहीच दिसत नाही, घार असती तर—
अजूनही घार!

२६ मार्च
शेवटी तिलाच फोन केला. जिभेवर निखारा ठेवल्यासारखं वाटलं. म्हणाली, कुरतडलेला काढून टाका, थांबेल. कुठल्या बाजूचा, मी विचारलं. म्हणाली, ठिपका बघा की. तो तुम्हीच लावता.

२७ मार्च
फिल्मवर दोन ठिपके. दोन्हीकडे. मी एकच लावला होता. एकच— कुठे?
फिल्म पालथी केली. तश्शीच दिसते.

दुपार
दाराला कडी. चिमटा. आरशात उजवं की डावं—
काढला. अख्खा. लांबलचक मूळ. हा नव्हता.

दुसराही अख्खा—

मावशी दार ठोठावतायत. म्हणतात, ती मुलगी आलीय. विचारतेय, हाच होता ना—

नाही. हाही नाही. मग त्याच्या शेजारचा. तो नसेल तर त्याच्या शेजा