कप्तानाच्या हातातला पाना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून कुरकुरतोय? भाऊजींचं घोरणं कमी झालं का? (नसेल तर मला कळवू नकोस, माझ्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे.) इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून.

माझ्या कपाटातला कप्तान तुला आठवतो ना? निळा झगा, कमरेवर हात. तू त्याला बाहुला म्हणतेस, मी फिगर म्हणतो, तो वाद तूर्त राहू दे. तर कप्तान काढणाऱ्या कंपनीला हल्ली सोंगांचं वेड लागलंय. साचा तोच, चेहरा तोच, नुसते कपडे बदलायचे आणि नवीन म्हणून आमच्या माथी मारायचा. बर्फातला कप्तान झाला, जंगलातला झाला, गेल्या वर्षी तर पॅराशूटवाला कप्तान काढला. अगं, तो उडतो! जन्मापासून उडतो! त्याला पॅराशूट कशाला? शेवटी मीच आमच्या संग्राहक मंडळात ठराव मांडला, की यापुढे कुणीही असलं सोंग विकत घ्यायचं नाही. (मंडळ म्हणजे आम्ही सातजण, दर रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. त्याच्याकडे भिंगं आहेत, रंगाचे फराटे बरे दिसतात.)

ठराव एकमताने पास झाला. तेव्हाच उठून घरी यायला हवं होतं. पण मंडळातल्या मास्तरांना हुक्की आली, की सगळ्यांत टाकाऊ सोंग कोणतं तेही ठरवून टाकू. यंदा कंपनीने कामकऱ्यांची मालिका काढलीय: आगीच्या बंबावरचा कप्तान, पाणबुड्या कप्तान, प्लंबर कप्तान. मला वाटलं, पॅराशूटवाला बिनविरोध येणार. तर सहाच्या सहा हात प्लंबरसाठी वर! चष्मेवाला म्हणाला, "जग वाचवणारा माणूस मोरीत वाकून बसलेला बघवत नाही हो." आणि सगळे खो खो हसले. ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात ह्याच्याच दुकानात घोटाभर पाणी साठलं, तेव्हा वाकून बसायला कोण गेलं होतं? मीच ना? बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे तुंबलेले पाईप मोकळे केले, त्यावर आपण दोघं लहानाचे मोठे झालो, आणि मी आजही तेच काम करतो. मी उभा राहिलो आणि माझा ठराव मीच टराटरा फाडला. (मंडळाने मला काढलं की मी मंडळ सोडलं, याबद्दल मतभेद आहेत.) तिथून तणतणत थेट खेळण्यांच्या दुकानात गेलो आणि प्लंबर कप्तान घेऊन आलो. शेवटचाच उरला होता.

एवढं लिहून हात दुखला, राग मात्र होता तेवढाच आहे. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. तुमच्या गल्लीतल्या दुकानात प्लंबर कप्तान आहे का बघशील? असला तर एक पाठव. खोका सीलबंद हवा, कोपरा दबलेला चालणार नाही.

आणखी ता. क. माझ्याकडचा खोका फोडला. (हो, मीच. वीस वर्षांत एकही न फोडणारा.) बाबांना दाखवायला नेला, तर त्यांनी चष्मा लावून निरखला आणि म्हणाले, "पाना उलटा धरलाय रे ह्याने." मग कसा ठेवणार तसाच? त्यांचे हात हल्ली किती कापतात तुला ठाऊक आहे, तरी दहा मिनिटं खटपट करून पाना त्यांनीच सुलटा केला. तेव्हापासून कप्तान त्यांच्या उशाशी आहे. परत मागितला की म्हणतात, "राहू दे, अजून काम शिकतोय."