वज्राचं अंग

९ जानेवारी

नगरहून आत्ताच आले. अंग ठणकतंय, पण असला आनंद मॅटवर जिंकल्यावरही झाला नव्हता!

सावेडीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मोबाईलचा गेम बनवतात. मारामारीचा. त्यात वज्रा नावाची पैलवान बाई आहे आणि तिची प्रत्येक हालचाल माझी असणार! काळा घट्ट पोशाख चढवला, त्यावर ठिकठिकाणी काडेपेटीएवढे सेन्सर. मी ढाक हा डाव मारला की कॉम्प्युटरमधल्या काड्यांच्या बाईनं ढाक मारली. मी शड्डू ठोकला, तिनंही ठोकला. मालक ओंकारसर म्हणाले, "आम्हाला खरीखुरी पैलवान दाखवायचीय, मोनिका. बाहुली नको."

आयेशा नावाची मुलगी त्या काड्यांवर शरीर चढवते. तिनं माझे सगळीकडून फोटो काढले. मान, दंड, मांड्या. कुस्तीत चुरगळून फुटलेला कानसुद्धा! "हा कान तर पाहिजेच," म्हणाली. आजवर या कानाचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

१० जानेवारी

अण्णांना सांगितलं. वडील म्हणून नाही तर निदान वस्ताद म्हणून तरी खूश होतील वाटलं होतं. फोटोंचं ऐकून म्हणाले, "मंग समदं अंग दिसंल?" – एवढंच. मग ओंकारसरांचा नंबर मागून घेतला. "असावा जवळ."

अण्णा असेच. सहा वर्षांची असताना मला पहाटे उठवून मातीत उतरवलं ते त्यांनीच. आजही त्यांच्या पाया पडल्याशिवाय मी आखाड्यात पाय ठेवत नाही. पण गावच्या यात्रेत कुस्ती असली की फुल पँट आणि त्यांचाच ढगळ शर्ट! बाहेरगावी कुस्तीचा कॉस्च्युम चालतो, गावात नाही. "मानसं कुस्ती बघत न्हाईत, मांड्या बघत्यात." मी कधी उलट बोलले नाही.

२६ फेब्रुवारी

गेमची जाहिरात मोबाईलवर आली. वज्रा पाहिली.

ही मी? हिची कंबर माझ्या मांडीएवढी. मान म्हणजे उसाचं कांडं. छातीचं तर काय लिहू! दोन कलिंगडं बांधून कोण ढाक मारतं? अंगावर कापड रुमालाएवढं. दोन्ही कान नाजूक, वर झुमके. आणि खाली मोठ्या अक्षरांत – 'चाली: राष्ट्रीय पैलवान मोनिका ठुबे'.

पारावरच्या पोरांपर्यंत संध्याकाळच्या आतच पोचलं. एकजण मला ऐकू जाईल असं बोलला, "हिच्याकडं यातलं काय हाय रं?" बाकीचे खिदळले.

नीट लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच कळेल. कापड कमी आहे म्हणून मी चिडलेली नाही. कॉस्च्युममध्ये तरी मी कुठे झाकलेली असते? उलट आरशात स्वतःचे दंड बघायला मला आवडतं. छान दिसते मी. हो, लिहिलं! पंधरा वर्षं रोज हजार बैठका मारून कमावलेल्या मांड्या आहेत. त्या दाखवल्या असत्या तर मान वर करून फिरले असते. घाम माझा घेतला आणि अंग टाकून दिलं – हा राग आहे.

अण्णांना दाखवलं. वाटलं, काठी घेऊन नगरला निघतील. ते म्हणाले, "बरंय की. तू हायेस आसं कुनी वळखायचंबी न्हाई." माझी समजूत काढत होते बिचारे.

१ मार्च

जाऊन तोंडावर विचारलं. ओंकारसर हसत म्हणाले, "अगं, दहा पुरुषांना लोळवते ती! यालाच सबलीकरण म्हणतात. आणि खेळणाऱ्या मुलांना थोडं बघायलाही हवं ना." थोडं!

माझं नाव काढा म्हटलं. तर करारावर सही आहे म्हणे, अजून दोन वेळा चाली द्यायच्यात. आयेशा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली होती. वर बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी कानाचं कौतुक करत होती, आणि आज हे. दोघांनाही बघून घेईन.

९ मार्च

हाहाहा! आज फोन आला. माझ्या चाली बाहुलीला बसत नाहीत!

मी ढाक मारताना समोरच्याचा हात छातीशी आवळते. बाहुलीनं तेच केलं की तिचा हात स्वतःच्याच छातीत कोपरापर्यंत बुडतो. शड्डू ठोकला तर माझा हात जिथे मांडीवर पडतो, तिथे तिला मांडीच नाही. पंजा हवेत! ओंकारसर म्हणतात, पुढच्या वेळी छातीला उशी बांधून कर, म्हणजे जागा राहील. शड्डू मांडीच्या आतल्या बाजूला ठोक.

उशी! मी "हो सर, हो सर" म्हटलं. फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. आता कळलं काय करायचं.

२९ मार्च

सर आमच्या यात्रेच्या हगाम्यात, म्हणजे कुस्त्यांच्या मैदानात, गेम दाखवणार आहेत. मोठा पडदा लावून. पैलवानाच्या गावात वज्रा! पंच कमिटी खूश, अण्णाही "होऊ द्या" म्हणाले.

तारखा पुढे ढकलतेय. आज खांदा दुखतो, परवा परीक्षा आहे. त्यांना दुरुस्त करायला वेळच मिळता कामा नये.

८ एप्रिल

गेले. उशी बांधायला दिली. मी बांधली आणि छाती भरून श्वास घेतला, उशीची नाडी तटकन तुटली. "राहू दे, वेळ नाही," सर घड्याळ बघत म्हणाले. मग मी दिले एकेक डाव! सगळे छातीला घासून. ढाक, मोळी, कलाजंग. जिंकल्यावर दोन्ही हात छातीवर घट्ट बांधून उभी राहिले, हीच वज्राची ऐट म्हटलं. सर म्हणाले, "झकास!"

आयेशानं यावेळी वर बघितलं. तिला कळलं होतं. पण बोलली नाही.

१० एप्रिल

देवा, काय दिवस होता!

हजार-दोन हजार माणूस. पडद्यावर वज्रा आली, शिट्ट्या पडल्या. पारावरची पोरं सगळ्यात पुढे. तिनं शड्डू ठोकला – हवेवर. कुणीतरी ओरडलं, "आगं, माशी मारती का काय!" मग ढाक. हात छातीत गेला तो पाठीतून बाहेर! अख्खं मैदान हसलं. शेवटी ऐट – दोन्ही हात कोपरापर्यंत गायब. थोट्या बाईसारखी उभी. म्हातारे फेटे सावरत हसत होते. ओंकारसर माईक धरून "तांत्रिक अडचण, तांत्रिक अडचण" करत राहिले. मी अगदी समोर बसले होते. त्यांच्याकडे बघून दोन्ही हात छातीवर बांधले.

नंतर माझी कुस्ती होती. श्रीगोंद्याची पोरगी तिसऱ्या मिनिटाला चीत केली. फुल पँट घालूनच. ढाक मारून.

११ एप्रिल

अजून हसू येतंय. खाल्लेलं अंगी लागतंय.

१४ एप्रिल

दुपारी आयेशा घरी आली. नगरहून एसटीनं, एकटीच. अण्णा मळ्यात होते.

तिला कामावरून काढलंय. सरांनी सगळं तिच्यावर ढकललं. मी म्हटलं, मग तू का गप्प बसलीस? उशीशिवाय चालणार नाही हे तुला दिसत होतं. ती म्हणाली, "मलाही ती बाहुली पडद्यावर फजीत झालेली बघायची होती. मी नव्हती बनवली ती मनापासून."

तिनं मोबाईल पुढे केला. १४ जानेवारीची तारीख. त्यात वज्रा होती – माझ्या मानेची, माझ्या दंडांची. कमी कपड्यांतच, पण मांड्या माझ्या. आणि डावा कान फुटलेला! किती सुंदर दिसत होते मी. रडूच आलं.

"सरांनीसुद्धा पास केली होती," आयेशा म्हणाली. "मग एक फोन आला. आमच्या पोरीचं लग्न व्हायचंय, तिचं अंग जगाला दाखवू नका, दुसरं कुठलंही लावा. सर म्हणाले, बरंच झालं, आता सगळ्यांना आवडेल अशी करू."

कुणाचा फोन, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. नंबर मीच तर दिला होता.

१५ एप्रिल

पहाटे कॉस्च्युम घालून तालमीत गेले. अण्णा रोजच्यासारखे पायरीशी उभे होते. मी पाया पडले नाही. सरळ मातीत उतरले, मांडीवर शड्डू ठोकला आणि त्यांना म्हटलं, "या."