साठ घरांचा विश्वास

३ मार्च, कुताइसी. आजपासून शिस्त. प्रबंधाचं हे अकरावं वर्ष, पण विषयही तसाच दांडगा: सोव्हिएत राजवट गेल्यावर शेजाऱ्यांचा एकमेकांवर उरलेला विश्वास. विभागप्रमुख गुराम म्हणाले, महिनाअखेर साठ घरांची पाहणी आण, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला. घायकुता माणूस. आमच्याच इमारतीत साठ घरं आहेत. रोज सहा घरं, दहा दिवसांत खेळ खलास. बायकोला, एतेरीला, हिशेब सांगितला. ती बरं म्हणाली.

४ मार्च. पहिलं घर वालिकोंचं. प्रश्नावली काढली तर म्हणाले, आधी बस, उपाशी माणसाशी मी बोलत नसतो. मग चीज भरलेली गरम रोटी, म्हणजे खाचापुरी, आणि वाइन. शांततेसाठी एक पेला, आईवडिलांसाठी एक, गेलेल्यांसाठी एक. मधेच उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. प्रश्न राहिले. शास्त्रात याला सहभागी निरीक्षण म्हणतात.

११ मार्च. घरं दोन. प्रश्न शून्य. डोकं ठणकतंय.

१९ मार्च. झुझुनाबाई भेटल्या. सोव्हिएत काळापासून इमारतीच्या प्रमुख; छप्पर असो, लिफ्ट असो, सगळ्या अर्जांवर सह्या त्याच आणतात. म्हणाल्या, अरे वेड्या, जिने कशाला झिजवतोस, दे ते कागद इकडे! दिले. संशोधकाला कामं वाटून देता आली पाहिजेत.

२१ मार्च, सकाळ. साठच्या साठ फॉर्म हजर! नुसते चाळले. प्रत्येक घराचा शेजाऱ्यांवर पूर्ण विश्वास. खळबळजनक! शाई सगळीकडे जांभळी: हे लोक पेनसुद्धा वाटून वापरतात. बारा नंबरवाले सहा वर्षं इटलीत आहेत, तरी उत्तर आलंय. केवढी ही ओढ!

३० मार्च. सादरीकरण. झुझुनाबाईंना मुद्दाम पाहुण्या म्हणून नेलं. गुरामनी विचारलं, हे भरलं कुणी? बाई ऐटीत म्हणाल्या, मीच की! लोकांना कशाला त्रास? कुणाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही होय?

सगळे हसले. गुरामनी मग एकतीस नंबरचा फॉर्म उचलला. म्हणजे आमचा. मोठ्याने वाचला: कमावती व्यक्ती, एतेरी. नवरा, अजून शिकतो. म्हणाले, हा एक फॉर्म मात्र खरा दिसतो. जागा गेली.

घरी एतेरीला म्हटलं, बघ, बाईंनी मनानेच काय काय खरडलंय. ती म्हणाली, मनाने नाही. तू नक्की काय करतोस ते त्यांना कळेना, म्हणून तेवढ्या एकाच घरी त्या विचारायला आल्या होत्या.