सरावाचा माणूस

सोमवार, ३

नोकरीचा पहिला दिवस छान गेला. इमारतीवर पाटी नाही, पण आत सगळं नवं आहे: खुर्च्या, पडदे, मजल्यामजल्यावर चहाचं यंत्र. देशाला कुठून, कोणाकडून धोका आहे याचा अंदाज बांधणं हे आमच्या विभागाचं काम. तक्रारी, कॅमेऱ्यांची चित्रं, खरेदीच्या नोंदी असं सगळं गोळा होऊन येतं आणि आम्ही एकेका माणसाला एक ते पाच यांतली पातळी देतो. पाच दिली की पथक निघतं. संख्याशास्त्राचा इतका थेट उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

घरी काही सांगायची परवानगी नाही. अंदाज वर्तवायची नोकरी आहे, एवढंच दादाला सांगितलं. त्यानं परस्पर हवामान खातं ठरवून टाकलं आणि उद्या छत्री नेऊ का, म्हणून विचारलं.

मला एकटीला परक्या शहरात पाठवायला आई तयार नव्हती, म्हणून तो आपलं चांगलं चाललेलं काम सोडून माझ्याबरोबर आला. लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीची बंद पडलेली लिफ्ट त्यानं आल्या दिवशीच चालू करून दिली, त्यामुळे खोकी उघडायच्या आत शेजार आपलासा झाला.

गुरुवार, ६

मला शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे भिंग म्हणतात. चष्म्याच्या काचा तशाच आहेत. त्यांनी मुख्य नियम सांगितला: पातळी चढवायला एक सही पुरते, उतरवायला दोन लागतात. चढवताना चूक झाली तर एका माणसाची पंचाईत, उतरवताना झाली तर सगळ्यांची, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं.

मग सरावासाठी एक संशयित मनानं रचायला सांगितलं. हवेतून माणूस रचणं मला जमेना. शेवटी दादालाच घेतलं: डावखुरा, किंचित पाय ओढत चालतो, शहरभरच्या इमारतींची तळघरं त्याला उघडी, पिशवीत वायर आणि बॅटऱ्या. नाव बदललं. रस्ता मात्र आमचाच ठेवला, कारण नकाशावर नसलेला रस्ता यंत्र घेत नाही. एवढ्यानं पातळी दोनच्या वर जाईना, म्हणून तीन गोष्टी पदरच्या घातल्या: परतायची वाट बदलतो, मित्र तोडलेत, एक खोली कुलपात ठेवतो. भिंग खूश झाले. म्हणाले, पोरी, तुझा माणूस अगदी श्वास घेतोय. पातळी तीन दिली.

सरावाची माणसं खऱ्यांच्याच यंत्रात असतात, फक्त त्यांच्यावर ‘सराव’ अशी खूण असते. आठवडा संपायच्या आत शिकवणारा ती माणसंच पुसून टाकतो.

बुधवार, १२

भिंगांची बदली झाली. निरोपसमारंभ नाही, काही नाही. टेबल पुसलेलं. कुठे गेले विचारलं तर शेजारचा म्हणाला, इथे असं विचारत नसतात, नवीन आहेस म्हणून सोडून देतो.

सोमवार, १७

दादा उशिरा आला. दोन दिवस एक राखाडी गाडी मागे येते म्हणून दोन्ही दिवस लांबच्या वाटेनं आला म्हणे. कोणाची तरी लिफ्ट अडकली असेल आणि बिचाऱ्याला हाक मारायला लाज वाटत असेल, असं म्हणून हसला.

ऑफिसात असताना माझा सरावाचा माणूस उघडून पाहिला होता. खूण नाही. आठवड्यानं ती आपोआप गळते. तोवर माणूसच पुसायचा असतो, आणि तो कोणी पुसलेला नाही. खाली नवी ओळ होती: वाट बदलतो. दुजोरा मिळाला.

आत्ता कळतंय ते कशाबद्दल होतं.

बुधवार, १९

विभागप्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. माझी चूक, माझा भाऊ, रचलेल्या तीन गोष्टी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की इतकी माणसं असताना सख्ख्या भावाचंच नाव मनात का आलं? काहीतरी खटकलं असेलच ना तुला, असं अगदी मायेनं म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

शुक्रवार, २१

दादाबरोबर काम करणाऱ्या दोघांना चौकशीला नेऊन आणलं. आता ते त्याचा फोन उचलत नाहीत. माझं काय चुकलं गं, असं मला विचारत होता.

यंत्रात: मित्र तोडले. दुजोरा मिळाला. पातळी चार.

उतरवायच्या अर्जावर मी सही केली. दुसरी सही मागत टेबलाटेबलाशी गेले. एकानंही मान वर केली नाही.

सोमवार, २४

आम्ही दोघं बाहेर असताना कोणीतरी दादाच्या खोलीत येऊन गेलं. काही चोरीला गेलं नाही, पण हत्यारांच्या पेटीत पाने ज्या क्रमानं लावलेले होते तो बदललाय. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. त्यानं कडी बसवायला घेतली.

कुलूप नको लावूस म्हणून मी हात धरला. त्यानं का, म्हणून विचारलं.

कुलूप लावलं.

मंगळवार, २५

दुजोरा मिळाला.

मॅडमनी बोलावलं. पाचसाठी एक सही हवी. बहिणीची असली तर प्रश्नच उरत नाही, म्हणाल्या. नाही केलीस तर मात्र उरतो. विचार करायला उद्याचा दिवस घरी राहा. सही फोनवरूनही चालते.

बुधवार, २६

तिन्ही गोष्टी मी रचल्या होत्या. लिहून ठेवते. मी रचल्या होत्या.

दादाही कामावर गेला नाही. आतून कानस घासल्याचा आवाज येतोय. थांबतो. पुन्हा सुरू.

दाराबाहेरून विचारलं, काय करतोयस. म्हणाला, तू तुझ्या खात्याचं सांगतेस का कधी? हसला नाही. तो नेहमी हसतो —

दुपार. मी ओळखते त्याला. लहानपणी सायकल शिकवताना मागे धावत, सोडलं नाही, सोडलं नाही म्हणत, सोडून देणारा — खोटं किती सहज —

नाही. असं लिहायचं नाही.

पण मलाच का सुचला? सुचण्याआधी काही दिसलं होतं का मला? मॅडमनी विचारलं तेव्हा मी इतक्या पटकन नाही म्हटलं —

आवाज थांबला.

कुलूप उघडलं. पिशवी घेऊन आलाय. जड आहे, खांदा कललाय.

हा दादा आहे. हा माझा —

डावा हात पिशवीत.

फोन माझ्या मांडीवर. अंगठा ठेवला की झालं. एकच सही —

दारात उभा राहून विचारतोय, आज काय अंदाज, म्हणून. मी