वळणाची वाट

४ जानेवारी
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. एचओडीच्या अंगावर जर्नल फेकणं जरा जास्त झालं असेल, पण सुरुवात त्याने केली. आता आयुष्याला दिशा आहे : अंगणात रॉक गार्डन. समोरच्या बिल्डिंगमधल्या तिच्या बाल्कनीत एक कॅक्टस आहे. म्हणजे आवड आहे. बाग झाली की ती आपणहून आमच्या फाटकातून आत येणार. लिहून ठेवतो.

१९ जानेवारी
टेम्पोभर दगड आले. आई म्हणाली, एवढ्यात एक खोली उभी राहिली असती. बाबा नुसते चष्मा पुसत राहिले. दगडाचा तिसरा हिस्सा मातीत गाडायचा, मग तो तिथेच उगवल्यासारखा दिसतो. कंबर कामातून गेली. ती बाल्कनीत आली, वाळलेले कपडे काढले, गेली. घाईत असेल. फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष.

२ फेब्रुवारी
सक्युलंटची अर्धी रोपं कुजली. नर्सरीवाला म्हणे पाणी जास्त झालं. त्याला चार शब्द सुनावले. यापुढे दगडांवरच भर. दगड कुजत नाहीत.

११ फेब्रुवारी
फाटकापासून दारापर्यंत सरळ फरशी म्हणजे डोक्याचा दुष्काळ. उखडली. आता वाट नागमोडी, आणि ऐन वळणावर छातीएवढा काळा दगड. चार हमाल घामाघूम. बाबा म्हणाले, सकाळी पेपर आणायला जातो रे, बीपीच्या गोळीने गरगरतं, सरळच राहू दे. मी म्हटलं, तुम्हाला दृष्टीच नाही. दाजी हसले. त्यांच्याशी बोलणं बंद. ताईशीपण.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ, हॉस्पिटल
सकाळी बाबा बाथरूमबाहेर कोसळले. उजवी बाजू गेली. स्ट्रेचर आत येईना, वळणावर अडकलं. अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने आईसमोर शिवी हासडली. तिघांनी जोर लावूनही काळा दगड हलला नाही. गाडलाच तसा पक्का होता. शेवटी बाबांना चादरीत घालून दगडांवरून नेलं. ती धावत आली, चादरीचं एक टोक धरलं. पहिल्यांदाच आमच्या अंगणात. मला म्हणाली, "बाजूला हो."
डॉक्टर म्हणतात, आणायला उशीर झाला. मी ट्रॅफिकचं सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली.

९ मार्च
बाबा घरी. आईच्या सांगण्यावरून ती रोज व्यायाम करवून घ्यायला येते. म्हणजे प्लॅन तसा चुकला नाही. बागेचं काही विचारत नाही, म्हणून मीच विषय काढला. खडीचे थर, पाण्याचा निचरा, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे काढावं लागेल. काकांना अंगणात चालवायचंय."
मी म्हटलं, लेआउट असा तडकाफडकी बदलता येत नाही. ती आत गेली. आईला म्हणाली, आमच्या बिल्डिंगमधली मुलं येतील, काढून देतील. भयंकर चिडलो. दार आपटलं. बाबा झोपेतून दचकले.

१८ मार्च
पहार घेतली. दुपारी दाजी आले, शर्ट काढून खुंटीला लावला, दुसरी पहार घेतली. काळा दगड निघाला. खड्डा बुजवला, फरशी बसवली. जरा वरखाली आहे.

२३ मार्च
ती येणार नाही. परगावी नोकरी लागली. आईचा निरोप घेऊन गेली, मी गच्चीवर होतो. तिच्या जागी एक टकले गृहस्थ.
बाबांना आज प्रथम अंगणात आणलं. गृहस्थ म्हणाले, मुलाचा हात धरा, घाबरू नका. मी मुद्दाम डावीकडे उभा होतो, तो हात चालतो. हात पुढे केला.
बाबांनी कुंपणाची भिंत धरली.