उजवीकडचा खिसा

सोलापूर, ५ मे

ती. गोदामावशीस,
शि. सा. न.

फोनवर मी नुसतं हं हं करते म्हणून रुसलीस ना, तर हे घे पत्र. तुझी शेंगाचटणी पोचली. शिलाईच्या हॉलमधल्या बायकांनी एक अक्षर न बोलता डबा संपवला.

बाकी बातमी वाईट. शाळेच्या शर्टांचं काम चालू आहे. शाळेनं पाठवलेला नमुन्याचा फोटो आरशात दिसतो तसा उलटा निघाला होता. कॉम्प्युटरनं त्यावरूनच आराखडा बनवला, मी मंजूर केला, आणि अख्खा माल उजवीकडे खिसा लावून तयार! शर्टाचा खिसा डावीकडे असतो हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक. पण कुणी तोंड उघडलं नाही. मी हॉलमध्ये कॉम्प्युटरचा मोठा पडदा लावलाय ना, त्यावर जिचा हात थांबेल तिचं नाव लाल होतं. लाल व्हायला कोण तयार होईल?

आमचे मालक चन्नवीरशेठ म्हणाले, शाळा उघडायच्या आत माल गेला नाही तर जुने मॅनेजर शहाजीराव परत येतील. त्यांच्या नुसत्या खोकल्यानं म्हणे मशिनी पळायच्या. मीही आवाज चढवायला शिकू का? तू इतकी वर्षं बँकेची शाखा चालवलीस, सांग.

तुझी घाबरलेली,
सई

बार्शी, ९ मे

चि. सई हिस
पोटभर आशीर्वाद.

वेडाबाई, लहानपणीही तुझा आवाज चढला की फुटायचा. तो नाद सोड.

आमच्या काळी साहेबाला सगळं ठाऊक असावं लागे. त्यावरच त्याचा दरारा. आता ते तुझा पडदा सांगतो. मग जे पडद्याला दिसत नाही, ते माणसांनी आपणहून येऊन तुला सांगावं, एवढंच तुझं काम उरलं. आणि ते फार अवघड आहे गं.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आग्नेस फळ्यावर चुकायच्या, अगदी खरोखर. एखादीनं हात वर करून चूक दाखवली, की पांढऱ्या झग्याच्या खिशातून पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवायच्या. त्यांच्या तासाला आम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचो. अजून तो वास आठवतो मला.

आधी तुझी चूक तू सांग. मग बघ.

माया आहेच, ती धरून राहा.
गोदामावशी

सोलापूर, १४ जून

ती. मावशीस,
आज नमस्काराऐवजी मिठीच.

माल गेला!

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पडदा बंद केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की खिसा मी चुकवला, फोटो मी नीट पाहिला नाही. सिद्धेश्वरीअक्का तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या आणि सगळ्या खिदळल्या. मी अर्थ विचारला. म्हणाल्या, आमाला वाटलं मोठ्या शाळेची नवी फॅशन हाय की! मग एकेकीचं तोंड उघडलं. मुमताज म्हणाली, खिसा उसवला तर भोकं राहतील, त्यापेक्षा पुढचा उजवा भागच नवा लावू, खिसा डावीकडे शिवू, जुन्यातून लहान मापाच्या कॉलरी काढू. तसंच केलं.

शेठनी मला कायम केलं, पेढे वाटले. शहाजीरावही पेढा खायला आले. हॉलच्या दारात थबकून म्हणाले, ह्या बायका एवढं बोलतात होय!

पडदा पुन्हा लावलाय, पण आता जी मशीन थांबवून चूक दाखवते तिचं नाव हिरवं होतं. काल मुमताज ओरडली, बाई, थांबा की, पट्टी उलटी हाय! तपासली, तर सुलटीच होती. तरी टाळ्या वाजवल्या, नाव हिरवं केलं.

लोभ आहेच, चटणीही येऊ दे.
तुझी सई

ता. क. आता खरं बोलायचंच ठरलंय तर, तुझी चटणी खारट होती. सगळ्या पाणी पीत पीत खात होत्या.

बार्शी, १८ जून

चि. सई हिस
कडकडून आशीर्वाद.

तुझं पत्र अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. ता. क. तेवढा गाळला.

मग हळूच तुझ्या काकांना विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, लग्न झाल्यापासून खारटच आहे. इतकी वर्षं बोलला का नाहीत, तर म्हणे, मॅनेजरबाईंना कोण सांगणार! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरात पेपरमिंट नव्हती. चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन आले आणि त्यांच्या हातावर ठेवली.

निम्म्या मिठाचा डबा पाठवते आहे. सगळ्याजणी चाखा आणि खरं काय ते कळवा.

तुझीच शिकाऊ,
गोदामावशी